शेततळ्यातलं आरमार

त्या व्हिडिओखाली लोक हसरे चेहरे टाकतात. "काय ॲक्टिंग करते पोट्टी!" असं लिहितात. ते वाचलं की माझं डोकं फिरतं. ती पोरगी अभिनय करत नव्हती. ती बुडत होती, आणि माझ्याच शेतात बुडत होती.

आमचं शेत आर्णीहून दिग्रसकडे जाताना रस्त्याला लागूनच आहे. कापूस, तूर आणि थंडीत हरभरा. त्या हरभऱ्याच्या पाण्यासाठी शेततळं. गावच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांना हे तळं दिसलं आणि त्यांना समुद्र आठवला. सगळं 'कृतीतून' शिकवायचं आणि त्याचा व्हिडिओ करून टाकायचा, हा त्यांचा नाद. या वेळची कृती होती इंग्रज आणि स्पॅनिश आरमाराची लढाई, शिडाच्या जहाजांच्या काळातली. शेतात राबते मी, पण परवानगी त्यांनी मागितली माझ्या नवऱ्याकडे. त्यानं कुंपणाच्या फाटकाची किल्ली काढून दिली आणि वर मलाच म्हणाला, "पोट्ट्याईचा खेळ हाय, तुह्यं काय जाते?"

माझं काय जातं ते सांगते. शेततळं म्हणजे नदी नव्हे. काठापासून तळापर्यंत काळं प्लॅस्टिक अंथरलेलं असतं आणि त्यावर शेवाळ धरलेलं. उतार खडा. पाय टेकायला जागा नाही, हाताला धरायला गवताची काडी नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा आत पडला तर गोल गोल पोहत राहतो आणि थकून जातो. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सरांनाही ठाऊक होतं, कारण आदल्या दिवशी मीच त्यांना सांगायला गेले होते. "ताई, ट्यूब आहेत ना," म्हणाले आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

ट्यूब म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकाच्या. त्यावर फळी, फळीवर बांबूची डोलकाठी, तिला खताची पोती उसवून केलेलं शीड. तोफांच्या जागी दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब. पोरं इंग्रज आणि पोरी स्पॅनिश. का? तर हरणाऱ्या बाजूला जायला एकही पोरगा तयार नव्हता! ज्या इंग्रजांना घालवायला आपली माणसं तुरुंगात गेली, ते आमच्या तळ्यात जिंकावेत म्हणून आमच्या पोरींनी हरायचं. हरताना 'वाचवा, वाचवा' असं ओरडायचं, हेही सरांनीच बसवलेलं.

त्या दिवशी मी दोन बायांसोबत कापूस वेचत होते. बॉम्ब वाजायला लागले, काठावरून शिट्ट्या, टाळ्या. मला राहवेना. ओटीतला कापूस तसाच घेऊन तळ्याकडे निघाले, बाया मागोमाग आल्या. पाहते तर एक स्पॅनिश जहाज कलंडलेलं आणि शेजारची सातवीतली पोरगी पाण्यात. काठाशी पोचली होती बिचारी, पण नखांनी प्लॅस्टिक ओरबाडत थोडी वर यायची आणि सर्रकन खाली जायची. तिला मी तान्ही असल्यापासून पाहते आहे. ते तोंड नाटकातलं नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते आणि सर बांधावर उभे राहून, मोबाइल उंच धरून काहीतरी ओरडत होते. बॉम्बच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही.

बांधावर ठिबकच्या नळीचं वेटोळं पडलं होतं. त्याचं टोक मी फेकलं, तिनं ते मनगटाला गुंडाळलं आणि आम्ही तिघींनी तिला ओढून काढलं. ती पाणी ओकली तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या. कोणीतरी म्हणालं, "देव तारी त्याले कोन मारी." देव कुठला आलाय मधे? ठिबकची नळी होती!

तिची आई दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाते. ती घरी आली तेव्हा सरांनी तिला सांगितलं, पाय घसरला, थोडी भिजली. मी खरं ते सांगितलं. पण पोरीनं तोंडाला कुलूप लावलेलं, हूं की चूं नाही. आई तरी कोणाचं ऐकणार? शिकलेल्या माणसाचं.

मग तो व्हिडिओ आला. वर ढोल-ताशांचं संगीत. पोरगी तोंड उघडते, मिटते, आवाज ढोलाचा. नळी पाण्यात पडायच्या आधीच तो संपतो. आणि पाठोपाठ बातमी, उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस तिलाच! चोरी ती चोरी आणि वर शिरजोरी. मी तिच्या आईकडे गेले, तर ती माझ्यावरच उखडली. "पोरीचं नाव झालं वो. तुमी कायले उकरून काढून राह्यल्या?"

बक्षिसं सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात वाटली. प्रजासत्ताक दिनाला इंग्रज जिंकल्याची बक्षिसं! पोरगी मंचावर गेली, तशी मी उठले. नवऱ्यानं पदर ओढला, तरी उठले. "सर, त्या व्हिडिओवरचं गाणं काढा अन् मंग दाखवा लोकाईले."

"ताई, मूळ क्लिप डिलीट झाली," सर हसून म्हणाले. मग माझ्याकडचं लक्ष वळवायला त्यांनी माइक पोरीच्या तोंडाशी धरला. "बाळा, तोच डायलॉग म्हणून दाखव सगळ्यांना."

सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तशी ती अंग चोरून बाजूला झाली.

"सर, मी खरंच बुडून राह्यलती," ती म्हणाली. "तुमाले दिसलं होतं. मी म्हनलं, सर, हे नाटक नाही, वाचवा. तं तुमी मोबाइल माह्याकडे केला अन् म्हनलं, अजून जोरानं."

सरांनी माइक बंद केला. तोवर तिची आई माझ्या शेजारून उठली होती. ती अनवाणीच मंचावर चढली, पोरीला तिनं पोटाशी धरलं आणि माइकशिवाय, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत राहिली, "माह्या पोरीले जोरानं म्हनलं तुमी? जोरानं म्हनलं?"