प्लास्टिकमधला कंट्रोलर

जेवण झाल्यावर मेहुण्याने मला वर्षभरातल्या त्याच्या आवडत्या दहा व्हिडिओ गेम्सची यादी वाचून दाखवली. मी त्याच्या टीव्हीखालच्या कंट्रोलरकडे बघत होतो. टीव्हीच्या रिमोटला घालतात तसं त्यालाही प्लास्टिक घातलेलं होतं.

"यातले खेळलास किती?"

"खेळायला वेळ कुठाय, दाजी? लोक खेळतात त्याचे व्हिडिओ बघतो."

आवडती वस्तू हाताच्या घामाने मळते, एवढंही या माणसांना ठाऊक नसतं. माझ्या कंट्रोलरची बटणं झिजून गुळगुळीत झालीत. वर्षभर मी एकच गेम खेळलो आणि त्यातल्या शेवटच्या पुलावरून अजून रोज पडतो.

"तुमचा आवडता कुठला?" त्याने विचारलं.

मी नाव सांगितलं.

"तो होय? सोपाय तो," प्लास्टिकवरची धूळ पुसत तो म्हणाला.