भर दुपारचे दिवे

आयुष्यात मी एकदाच एका गावाला पाणी पाजलं, आणि ते पाणी दुसऱ्याच वस्तीचं होतं. यात माझा दोष फारसा नाही. दोष माझ्या गाडीच्या दिव्यांचा. ते दिवे मी हौसेनं बसवून घेतले होते, एवढंच!

गाडी पांढरी, चौकोनी आणि माझ्या लग्नापेक्षा वयानं मोठी होती. तिच्या मूळच्या दोन गोल दिव्यांपैकी डावा रस्त्यावर पडायचा आणि उजवा कडुलिंबाच्या शेंड्यावर. (मी गल्लीत वळलो की झाडावरचे कावळे दचकून उठत.) दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. आमच्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि ते चहूबाजूंनी वाढत सुटलं होतं. गारखेड्यात आमच्या घराच्या तिन्ही अंगांना इमारती उठत होत्या. बांधकामाची धूळ आणि वाळलेल्या शेतांची धूळ एकत्र होऊन अकरा वाजल्यानंतर सगळं शहर ताकात बुडवल्यासारखं दिसायचं.

मला ते आवडायचं, खरं सांगतो. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. त्या धुळीत गुलमोहराचं झाड दिसायचंच नाही, नुसता तांबडा रंग हवेत तरंगायचा. मी बघत बसायचो.

"अहो, हिरवा झाला!" शेजारून सुमन, म्हणजे माझी बायको, ओरडायची.

"कोण?"

"सिग्नल!"

अशात मी एका मासिकात वाचलं, की थंड देशांत धुकं असतं म्हणून तिकडच्या गाड्यांचे लहान दिवे दिवसासुद्धा लागलेले असतात. उजेड पाडायला नाही, इतरांना आपण दिसावं म्हणून. मी भारावून गेलो. पांढऱ्या धुळीतून माझी पांढरी गाडी येते आहे आणि पुढं दोन चांदण्या लुकलुकताहेत, असं चित्र मला दिसायला लागलं. दुसऱ्याच दिवशी गुलमंडीच्या मागच्या बोळात इब्राहिमभाईंकडं गेलो. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारं शहरात कुणी नव्हतं.

"इब्राहिमभाई, दिवसा लागतील असे दिवे पाहिजेत."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "साब, पहले रात के सुधारते ना? एक बत्ती आसमान देखरी, उसका क्या?"

"ते नंतर. आधी दिवसाचे. लोकांना गाडी दिसली पाहिजे."

"आवाज तो गारखेडे से यहाँ तक आता, साब. दिखने की क्या जरूरत?"

पण माणूस दिलदार. बंपरखाली दोन पांढरे दिवे बसवून दिले आणि तार थेट चावीला जोडली. "चाबी घुमाई, चालू. चाबी निकाली, बंद. बटन नक्को. आप भूल जाते."

पहिला मोठा प्रवास ठरला देवगाव रंगारीचा. माझ्या धाकट्या बहिणीला, विजूला, तिथलं स्थळ आलं होतं. मुलगा सतीश शेतीचं शिकलेला, घरची शेती करणारा. दोघं दोनदा भेटले होते आणि विजूला तो मनापासून आवडला होता. आता मी, आई आणि सुमन, असे तिघं घर बघून बोलणी पक्की करायला निघालो होतो. निघताना विजूनं मला बाजूला घेतलं.

"दादा, हात जोडते. तिथं गप्प बस."

याला कारण होतं. आधीची एक सोयरीक माझ्यामुळं मोडली होती. मी बैठकीत मुलाच्या वडिलांचं चित्र काढून दाखवलं होतं. (हुबेहूब आलं होतं, तोच घोळ झाला!)

"एक शब्द बोलणार नाही," मी म्हणालो, आणि चावी फिरवली. दिवे लागले.

घरापासून चौकापर्यंत जाईस्तोवर अकरा जणांनी आम्हाला खुणा केल्या. आपल्याकडं दिवसा कुणाचे दिवे चालू दिसले, की समोरचा माणूस हात वर करून मूठ उघडमीट करतो. स्कूटरवाले करत होते, रिक्षावाले करत होते, एक दूधवाला तर दोन्ही हात सोडून करत होता. "ओ काका, लाईट! लाईट चालू है!" मागच्या सीटवर आई प्रत्येकाला हसून हात हलवत होती.

"अरे, आपल्याला किती लोक ओळखतात रे!"

"आई, ते दिवे बंद करा म्हणतायत."

"मग कर की बंद."

"होत नाहीत."

"बिघडलेत?"

"नाही. बसवलेतच तसे."

आईनं पुढं वाकून सुमनच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "सुमन, हा लहानपणी पाळण्यातून पडला होता. मी तुला लग्नाआधी सांगायला पाहिजे होतं."

दौलताबादचा घाट चढून, वेरूळ मागं टाकून आम्ही मोकळ्या रानात आलो आणि शहराचा आवाज एकदम मिटला. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली, वाट बघत पडलेली शेतं. रंग असा कशालाच नाही, सगळं राखाडी आणि पिवळ्याच्या मधलं. पुढच्या रस्त्यावर मृगजळाचं तळं पसरलेलं. आम्ही जवळ जावं तसं ते मागं सरकायचं. त्या खोट्या पाण्यात झाडं उलटी लोंबत होती. मला वाटलं, आपल्या दिव्यांचंही प्रतिबिंब त्यात पडलं असेल, आणि लांबून कुणी बघत असेल तर त्याला पाण्यातून एक नाव येताना दिसत असेल. आई पेंगली होती. सुमनसुद्धा खिडकीला डोकं टेकून गप्प होती. त्या अर्ध्या तासाइतकं सुखानं मी पुन्हा कधी गाडी चालवली नाही.

कसाबखेड्याच्या फाट्यावर पाण्याचा एक टँकर उभा होता. आम्ही पुढं गेलो, तसा तो सुरू झाला आणि मागं लागला. मी हळू झालो की तो हळू. मी हात बाहेर काढून त्याला पुढं जायची खूण केली, तर ड्रायव्हरनं वाकून सलाम ठोकला. पुढं एका लिंबाखाली आईला पाणी द्यायला थांबलो, तर टँकरही थांबला. ड्रायव्हर खाली उतरून अदबीनं जवळ आला.

"साहेब, आजून किती लांब हाय?"

मला वाटलं, बिचारा नवीन आहे, देवगावची चौकशी करतोय. "आलंच आता. पाच-सहा किलोमीटर."

"मंग चला. तुमच्या मागंच हाय मी."

"भला माणूस आहे," मी सुमनला म्हणालो. "एकट्यानं जायचं म्हणजे कंटाळा येत असेल."

देवगावात शिरलो. सतीशचं घर एका अरुंद गल्लीच्या टोकाला होतं. दारात सतीशचे वडील उभे होते, भलेमोठे, पांढऱ्या मिशांचे. गाव त्यांना नाना म्हणायचं. त्यांची नजर आमच्या दिव्यांवर गेली, मग आमच्या मागं गल्ली भरून येणाऱ्या टँकरवर गेली, आणि तिथंच खिळली.

ड्रायव्हरनं उडी मारली. "साहेब, पाईप कुठं टाकू?"

मी तोंड उघडलं. पण नाना माझ्याआधी बोलले. नव्हे, त्यांना भरूनच आलं होतं.

"पाव्हणं! आम्हाला काय बी नको म्हणलं व्हतं न तुम्हाला! आन तुम्ही पाणी घिऊन आले?" त्यांनी मला मिठी मारली. माझे पाय जमिनीवरून सुटले. "ए, हौदात टाक रं पाईप! गल्लीतल्यांना बोलवा! लई दिवसांनी पाणी बघू राह्यलो!"

गल्लीतून हंडे, घागरी, बादल्या, पातेली धावत आली. ही वेळ होती खरं सांगायची. मी "अहो नाना, पण..." असं म्हणालोही. तेवढ्यात कुणीतरी माझ्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, कपाळाला कुंकू लावलं. एक म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "शंभर वर्सं जग, बाबा." आता तुम्हीच सांगा, अशा बाईला "नको" कसं म्हणायचं?

"अहो," सुमन माझ्या कानाशी कुजबुजली, "टँकर कुणाचा आहे?"

"बघू," मी म्हणालो.

आणि मग मी भाषण केलं! विजूनं हात जोडून सांगितलं होतं, तरी केलं. हौदाच्या कट्ट्यावर उभा राहून पाणी म्हणजे काय, यावर मी दहा मिनिटं बोललो. समोर पाण्याची धार चमकत होती, बायका हसत होत्या, माझ्या गाडीचे दोन दिवे धुळीत मंद तेवत होते. (ते सगळ्यांना दिसावेत म्हणून मी इंजिन बंद करूनही चावी चालूच ठेवली होती.) मला वाटलं, हे पाणी मीच आणलंय. शप्पथ सांगतो, त्या दहा मिनिटांत माझी तशी पक्की खात्री झाली होती.

"...पाणी हे मागून मिळत नाही," मी म्हणत होतो, "ते आपण होऊन आपल्या मागं यावं लागतं..."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी जीप थांबली. भर उन्हात तिचे दोन्ही दिवे लागलेले होते.

(मला आधी आनंदच झाला. म्हटलं, याला पण सुचलं की!)

जीपमधून ग्रामसेवक उतरले. घामानं निथळत होते. ते टँकरच्या ड्रायव्हरवर गरजले, "तुला काय निरोप धाडला व्हता? फाट्यावर थांब, धुळीत दिसावी म्हणून मी जीपचे दिवे लावून येतो, त्या गाडीमागं ये!"

"आलो की साहेब," ड्रायव्हर माझ्या गाडीकडं बोट दाखवत म्हणाला. "दिवे बघूनच आलो."

"आरं, तिकडं खालच्या वस्तीवरच्या बाया सकाळपासून उन्हात बसल्यात! हा टँकर त्यांचा हाय!"

पाईपाचं तोंड कुणीतरी दाबून धरलं. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी अजून कट्ट्यावरच होतो, टोपी-टॉवेलासकट. आईनं डोळे मिटून घेतले होते. मला विजूचे जोडलेले हात आठवले आणि मी कट्ट्यावरून खाली उतरलो.

"नाना," मी म्हणालो, "हे पाणी मी आणलेलं नाही. ते माझ्या मागं आलं. मला आल्या आल्याच सांगायला पाहिजे होतं. पण तुम्ही सगळे इतके... आणि ती टोपी..."

नानांनी मिशीवरून हात फिरवला. मला वाटलं, संपलं. आता विजूला तोंड कसं दाखवायचं?

तेवढ्यात सतीश पुढं आला. तो आतापर्यंत दाराशी लाजून उभा होता. त्यानं पायजमा वर खोचला, सरळ टँकरवर चढला, वरचं झाकण उघडलं आणि खाली हात केला.

"आण गं आत्या, हंडा."

आत्यानं हंडा दिला. त्यानं तो टँकरात उपडा केला. मग दुसरी पुढं झाली, मग तिसरी. हातांची रांग लागली आणि भरलेली घागर न् घागर उलटी प्रवास करत टँकरवर चढू लागली. पडणाऱ्या पाण्यात ऊन शिरत होतं, थेंब धुळीवर पडताना वास उठत होता. मला शंभर वर्षं आयुष्य दिलेल्या म्हातारीनंसुद्धा आपला तांब्या वर पाठवला. नानांनी हौदाच्या तळातलं पाणी बादल्यांनी काढून दिलं. मी टॉवेल कमरेला बांधून बादल्या उचलत होतो, आणि मनात एकच येत होतं. आम्ही घर बघायला आलो होतो, आता ते बघून झालं.

"पोरगी द्यायची इथंच," आई सुमनला म्हणाली, "घेत असतील तर."

"घिऊ की!" नाना बादली देता देता म्हणाले. "भाषण भावानं ठोकलं, पोरगी तर काय बोलली नाय न आज!"

मग ग्रामसेवक माझ्याकडं वळले. "आता वस्तीवर तुम्ही चला. उशीर का झाला, ते तुम्हीच सांगा."

मी गाडीत बसलो. चावी फिरवली. काहीच झालं नाही. एवढा वेळ तेवत राहिलेल्या दिव्यांनी सगळी बॅटरी पिऊन टाकली होती. शेवटी मी टँकरच्याच केबिनमध्ये, ड्रायव्हरशेजारी बसून वस्तीवर गेलो.

तिथं लिंबाच्या सावलीत बाया घागरी घेऊन बसल्या होत्या. मी उतरलो, हात जोडले, आणि वाटेत जुळवलेलं सुरू केलं. "माय-माउल्यांनो, आज माझ्याकडून जी चूक..."

सगळ्यात पुढच्या बाईनं विचारलं, "पाणी आलं न?"

"हो, पण..."

"मंग सरक तिकडं. पाईपावर उभा हायस."

विजूचं लग्न पुढच्या वर्षी चांगल्या पावसात झालं. ती आता देवगावात सुखात आहे, आणि मी अधूनमधून जातो. आमची गाडी गल्लीत शिरली की अजूनही बायका लगबगीनं दारात येतात. मी खाली उतरतो, हसतो, हात जोडतो. त्या माझ्याकडं बघत नाहीत. माझ्या मागं बघतात. मागं काहीच नाही अशी खात्री झाली, की आत वळून सांगतात, "काय नाय गं, नुसता विजीचा भाऊच आलाय."