आपलाच अहवाल खोडणारे सर

चष्मा कपाळावर सरकवायचा, उजव्या हाताचं एक बोट वर करायचं आणि समोरच्याला विचारायचं, "बरं, पण ह्यासाठी सोडलंत काय?"

सरांशी पाच मिनिटं बोललेला कुणीही ह्या प्रश्नातून सुटला नाही. भाजीवाली सुटली नाही, कॉलेजचा शिपाई सुटला नाही. रोह्यात एका विद्यार्थ्याच्या लग्नात सर स्टेजवर चढले, आहेर दिला आणि नवरदेवालाही हेच विचारलं. तो बिचारा गडबडला. शेवटी नवरीच म्हणाली, "सर, सिगारेट सोडायला लावलीय." सगळा मांडव हसला म्हणतात. मी त्या लग्नात नव्हते, पण सरांच्या विद्यार्थ्यांकडून ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की त्या नवरीची साडीसुद्धा मला दिसते.

सर रोह्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. माणूस एक गोष्ट निवडतो तेव्हा दुसरी सोडतो, आणि जी सोडली तीच निवडलेल्या गोष्टीची खरी किंमत, हा म्हणे त्या शास्त्रातला अगदी पहिला धडा. बाकीचे तो परीक्षेपुरता शिकवतात. सर तो घेऊन बाजारात फिरायचे. असा एखादा मास्तर तुमच्याही गावात असेल. शिकवायचं सोडून घरी कसं जायचं, हेच ज्यांना ठाऊक नसतं त्यांच्यातला.

मी नर्स. राहायला पेणला, रामवाडीत. नोकरी मात्र धरमतरच्या बाजूला, खाडीकाठच्या खारेपाटातल्या एका गावच्या आरोग्य उपकेंद्रात. दोन खोल्या, एक टेबल, एक खाट, लसींचा डबा आणि मी. वेळ सकाळी नऊ ते साडेबारा.

त्या काळात सरकारला आरोग्यखात्याची नवी घडी बसवायची होती. जी उपकेंद्रं चालत नाहीत ती बंद करायची, माणसं आणि औषधं मोठ्या केंद्रांकडे वळवायची, असं वरून आलं होतं. कुठलं चालतं आणि कुठलं नाही हे ठरवायला जिल्ह्याच्या समितीने सरांना घेतलं. अर्थशास्त्राचा माणूस, कुणाच्या बाजूचा नाही, म्हणून.

ते पहिल्यांदा आले तेव्हा पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, हातात जाड वही. दोन तास टेबलाशी बसून त्यांनी माझी रुग्णांची नोंदवही पानन् पान पाहिली. मी विचारलं, "चहा आणू का सर?"

"चहासाठी काय सोडाल?"

"काम सोडीन. तसंही आता काही काम नाहीये."

मी आपली गमतीत बोलले. सरांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. चहा प्यायले, छान झालाय म्हणाले आणि गेले.

दोन महिन्यांनी आमच्या प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरांनी मला बोलावून अहवाल पुढे ठेवला. माझं उपकेंद्र बंद करून मोठ्या केंद्रात मिसळायच्या यादीत होतं. कारण लिहिलं होतं: रुग्ण अत्यल्प, कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या सांगण्यानुसार काम नाही.

मोठं केंद्र त्या गावापासून किती लांब, हे त्या अहवालात कुठेच नव्हतं. खारेपाटातला बांध चिखलाने भरला की दीस लागतो तिथवर जायला. डॉक्टर म्हणाले, "आता अलिबागला बैठक आहे. त्याआधी काही करता आलं तर बघा."

रविवारी सकाळच्या गाडीने मी रोह्याला गेले. सरांचं घर कुंडलिकेच्या अंगाला होतं. ओट्यावर ते चार पोरींना शिकवत बसले होते. मला बघून ओळखीचं हसले. त्या हसण्याने तर मी आणखीच पेटले.

"सर, तुम्ही सगळ्या जगाला विचारता, काय सोडलंत म्हणून. माझ्या पेशंटांना विचारलंत?"

"पेशंट तिथे होतेच कुठे?"

"तेच म्हणतेय मी! नव्हते त्यांना विचारलंत?"

पोरी माना खाली घालून बसल्या. आतून सरांच्या पत्नी बाहेर आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "विचारा की. इतकी वर्षं मी हेच सांगतेय, घरी नसलेल्या माणसालाही मत असतं."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. बोट वर केलं. मग बोट खाली घेऊन म्हणाले, "मंगळवारी येतो. दाखवा."

मंगळवारी ते खरंच आले. मी दवाखान्याला कुलूप लावलं आणि त्यांना बांधावरून मिठागरांकडे घेऊन निघाले. आणि तिथेच पहिला घोटाळा झाला. जाड वही घेतलेला, पांढऱ्या शर्टातला माणूस बांधावरून चालताना पाहिला आणि गावात बोंब उठली, "मोजणीवालं आलं! मोजणीवालं आलं!" बघता बघता म्हातारे लोक सातबाऱ्याचे उतारे घेऊन धावत आले. एकाने सरांचा हात धरून त्यांना शेजाऱ्याच्या बांधापाशी ओढत नेलं. "ह्यो दगड बघा सायेब. आदी तिकडं होता. यानं रातोरात सरकवला." शेजारी म्हणाला, "दगड काय चालतो व्हय?" सर दोघांच्या मध्ये उभे राहून "मी अर्थशास्त्राचा आहे हो" असं सांगत होते, आणि म्हातारा म्हणत होता, "असा ना, पन दगड तं बघा!"

शेवटी त्यांनी तो दगड पाहिला. वहीत लिहूनही घेतला. तेव्हा कुठे आमची सुटका झाली.

मिठागरात कोंडीतून, म्हणजे वाफ्यातून, मीठ ओढून ठेवलेलं होतं आणि बाया टोपल्या डोक्यावर घेऊन ओळीने वाहत होत्या. उन्हं तापायच्या आत हे काम उरकावं लागतं. उजाडताना येतात, एकच्या सुमाराला घरी परततात. ओळीत जानकी होती. सातवा महिना, पायांवर सूज, आणि डोक्यावर मिठाची भरली टोपली. मी तिला चारदा निरोप पाठवला होता. ती एकदाही आली नव्हती.

सर तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. "ताई, दवाखाना फुकट आहे. का येत नाही?"

जानकीने टोपली उतरवली नाही. तशीच उभी राहून म्हणाली, "फुकट हाय, पन सकालचा हाय. सकालचं इकडं नाय आलं तं मुकादम दुसरी बाय लावतो. मंग आख्खा हंगाम गेला माजा."

"म्हणजे एकदा यायला अख्खा हंगाम सोडावा लागतो?"

"व्हय. तुमी सोडाल?"

असं त्यांना उलटं विचारणारं आजवर कुणी भेटलं नसावं. ते बांधावर मटकन बसले, पांढऱ्या पँटीनिशी, ओल्या मातीत. जानकी पुढे निघून गेली. मागच्या बायका त्यांना वळसा घालून जात होत्या आणि आपसात हसत होत्या. मग ते म्हणाले, "सिस्टर, तुमचा दवाखाना ह्या तालुक्यातला सगळ्यात महाग दवाखाना आहे. आणि मी त्याला न चालणारा ठरवून मोकळा झालो."

अलिबागच्या बैठकीला डॉक्टरांनी मलाही नेलं. मी मागे भिंतीशी बसले होते. पुढे मोठमोठे अधिकारी. सरांचा अहवाल सगळ्यांपुढे, वर त्यांचं नाव. त्यांना फक्त तो वाचायचा होता, आणि समिती मान हलवणार होती. सर उठले आणि म्हणाले, "ह्यातले आकडे बरोबर आहेत. चुकलोय तो मी. किती लोक आले हे मी मोजलं. जे आले नाहीत त्यांना गरज नाही, असं धरून चाललो. हे मला कुठल्या आकड्याने सांगितलं नव्हतं. ते माझं मत होतं. आकड्यांच्या आत घालून मी ते तुमच्यापुढे ठेवलं."

एक अधिकारी म्हणाले, "सर, अहवाल तुमचाच आहे."

"म्हणून तर खोडायचा हक्क पहिला माझा."

"आणि यादीतली बाकीची उपकेंद्रं?"

"तिथेही मीच गेलो होतो. म्हणजे तिथेही पुन्हा जावं लागेल."

कुणीतरी हसलं. ते हसणं चांगलं नव्हतं. सरांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. पण ते बसले नाहीत. त्यांनी मागितलं एवढंच: तीन महिने दवाखाना दुपारी दोन ते पाच उघडा ठेवून पाहू. मग बंद करायचा तर करा. अधिकाऱ्यांनी विचारलं, कर्मचारी तयार आहे का? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभी राहिले, आणि सरांनी सवयीने बोट वर केलं. "सिस्टर, तुम्ही काय सोडणार?"

"दुपारची झोप," मी म्हटलं. आता मात्र सगळे नीट हसले. परवानगी मिळाली.

किती लोक येतात ते बघायला सर दर गुरुवारी रोह्याहून गाडीने पेणला यायचे, तिथून सहा आसनी रिक्षाने आमच्याकडे. पहिल्या गुरुवारी दोनच माणसं आली. त्यातला एक तो दगडवाला म्हातारा, आणि त्याला काही होत नव्हतं. मी रडकुंडीला आले. सर म्हणाले, "बाईमाणसाला निरोप पोहोचायला एक आठवडा, विश्वास बसायला दुसरा. बाजार असाच चालतो." तिसऱ्या गुरुवारी दवाखान्याची ओटी माणसांनी भरली. चौथ्याला रांग अंगणातून रस्त्यावर गेली. मला हात पुरेनात, तेव्हा मी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना बाळांची वजनं करायला बसवलं. पहिल्याच बाळाने त्यांचा पांढरा शर्ट भिजवला. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि एक म्हणाली, "मास्तर, लिवा आता वईत!" सरांनी खरंच लिहिलं. मग दर गुरुवारी ते सोबत एक जास्तीचा शर्ट आणायला लागले.

त्याच चौथ्या गुरुवारी जानकी आली. तिचा रक्तदाब पाहिला, तो फारच वर गेला होता. तिला त्याच दिवशी पेणला न्यायला हवं होतं, आणि गावात गाडी एकच, मिठाच्या मुकादमाचा टेम्पो. सर तडक मुकादमाकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एवढं दिसलं की भरलेल्या गोण्या खाली उतरत होत्या, टेम्पोत गोधडी पसरली जात होती आणि मुकादम स्वतः चालवायला बसला होता. जानकी चढता चढता म्हणाली, "माजी जागा?" मुकादम समोर बघतच बोलला, "ऱ्हाईल गो तुजी जागा. बस आता."

काही दिवसांनी पेणच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप. सरांना कळलं तेव्हा ते वर्गात होते म्हणे. फळ्यावर काढलेली आकृती पुसून त्यांनी पोरांना पेढे वाटले, आणि का वाटले ते सांगण्यात उरलेला तास घालवला.

तीन महिने झाले आणि दुपारची वेळ कायमची झाली. बाकीच्या यादीतल्या गावांतही सर पुन्हा फिरले, ह्या वेळी आधी शेतावर, मग दवाखान्यात. दोन ठिकाणच्या वेळा त्यांनी बदलायला लावल्या. एक उपकेंद्र मात्र त्यांनी बंदच करायला सांगितलं, कारण शेजारचं खरंच हाकेच्या अंतरावर होतं. मी म्हटलं, "सर, तिथल्या सिस्टरला वाईट वाटलं असेल." म्हणाले, "वाटलं. पण तिचे हात दुसरीकडे जास्त लागतात. नुसती दया केली असती तर तिथल्या वाचलेल्या पैशातून तुमच्या दवाखान्याला ही तिसरी खोली मिळाली नसती."

ते देवमाणूस वगैरे झाले असं समजू नका. ऐपत असलेल्याने केसपेपरसाठी थोडंफार द्यावं, हे त्यांचं मत शेवटपर्यंत टिकलं. मी म्हणायची, ऐपत ठरवणार कोण? ह्यावर आम्ही कितीतरी गुरुवार भांडलो. माझा मुद्दा त्यांना पटला नाही, मला त्यांचा पटला नाही, आणि भांडण संपलं की आम्ही दोघं रांगेतल्या पुढच्या बाईला आत बोलवायचो.

निवृत्तीनंतर ते मुलीकडे नाशिकला गेले. तिकडेच दोन वर्षांनी वारले. बातमी मला उशिरा कळली, त्यामुळे जाता आलं नाही.

पण त्यांचा शेवटचा गुरुवार मी पाहिलाय. त्या दिवशी सरांनी बायकोला बरोबर आणलं होतं. खारेपाटातल्या बायांनी त्यांची ओटी भरली, नारळ दिला, वालाच्या शेंगा दिल्या. निघताना पाऊल घसरतंय म्हणून दोघांनी चपला हातात घेतल्या आणि बांधावरून चालू लागले. पुढे बाई, मागे सर. चार पावलांवरच कशावरून तरी त्यांची जुंपली. बाई थांबून हातवारे करत होत्या, सर चप्पल धरलेला हात उंचावून उत्तर देत होते, आणि खाडीवरचा वारा त्यांचे शब्द आमच्यापर्यंत येऊ देत नव्हता. आम्ही सगळ्या जणी दवाखान्याच्या दारात उभ्या होतो. मध्येच सरांनी डोकं मागे टाकलं आणि मोठ्याने हसले. हरले असावेत.