संध्याकाळी चूल पेटणार नाही

शोभाबाई भोयर त्रेपन्न साली आमच्या शाळेत आल्या तेव्हा त्यांच्या उजव्या मनगटावर भाजल्याचे तीन डाग होते. सातवीला गणित शिकवताना हात वर गेला की ते दिसायचे. एका मुलीनं विचारलं तर म्हणाल्या, "तवा लागला. उदाहरण लिहून घे."

त्या मूळच्या वडनेरच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. वर्ध्याला राहून शिक्षिकेचं शिक्षण घेतलं आणि लग्न होऊन पुलगावला आल्या. नवरा केशवराव स्टेशनवर मालाच्या ऑफिसात कारकून. घरात सात वर्षांची मुलगी कांता आणि सासरे अण्णाजी. मी, नलू, त्याच शाळेत भूगोल शिकवत होते आणि त्यांच्या शेजारच्याच गल्लीत राहत होते, म्हणून हे सगळं मला जवळून माहीत आहे.

गिरणीच्या पहिल्या भोंग्याला त्या उठत. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, जाळ करून वरण, भात, एक कोरडी भाजी, एक पातळ भाजी, आणि शेवटी भाकरी. अण्णाजींना भाकर तव्यावरून थेट ताटात लागायची. पहिली संपल्याशिवाय दुसरी टाकायची नाही. ते सावकाश जेवत आणि शोभाबाई चुलीपाशी उकिडव्या बसून त्यांच्या ताटाकडे बघत राहत. तिकडे शाळेची घंटा जवळ येत असायची. बहुतेक दिवस त्या न जेवताच निघत. संध्याकाळी परत तेच. सकाळचं अन्न अण्णाजी संध्याकाळी तोंडात घालत नसत. "कांताच्या आजीनं चाळीस वर्षं मले शिळं वाढलं नाई," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. कांताच्या आजीला शाळा नव्हती, हे कोणी त्यांना सांगत नसे.

केशवरावांची तऱ्हा वेगळी. ऑफिस सुटलं की दोस्तांबरोबर स्टेशनजवळच्या हॉटेलात आलुबोंडा, चिवडा, दोनदा चहा. मग घरी येऊन ताट सरकवायचं. "भूक नाई." त्यांच्यासाठी केलेला गोळाभात शोभाबाई दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुटीत खात, थंड, बेसनाचे गोळे दगडासारखे झालेले.

"खायचं नसलं तं सकाळी सांगून जात जा," त्या एकदा म्हणाल्या.

"आता बायकोले विचारून खाऊ काय?" केशवराव म्हणाले आणि हसले.

रांधण्याचा त्यांना कंटाळा होता असं कोणी समजू नये. रविवारी त्या पाटवडीचा रस्सा करत आणि वाटीभर मला पाठवत. तसा रस्सा मी पुन्हा कुठं खाल्ला नाही. राग रांधण्याचा नव्हता.

पंचावन्न सालच्या एप्रिलमध्ये परीक्षेचे पेपर तपासायला आम्हा दोघींना वर्ध्याला बोलावलं. त्या दिवशी सकाळी केशवरावांनी न सांगता दोन दोस्त जेवायला आणले. शोभाबाईंनी सगळ्यांना वाढलं आणि उपाशीच गाडी पकडली. काम दोनला संपलं. परतीच्या गाडीला तीन तास होते, ऊन अंगाची लाही करत होतं. स्टेशनच्या रस्त्यावर एका हॉटेलापुढं त्या थांबल्या आणि सरळ आत शिरल्या.

मालक गडबडला. "बायांसाठी मागं आहे, बाई."

मागं म्हणजे पडद्याआडची एक खोली. तिथं कांद्यांची पोती होती, भांडी धुतलेलं पाणी साचलं होतं, पंखा नव्हता. शोभाबाईंनी एकदा सगळीकडं पाहिलं, बाहेर आल्या आणि पंख्याखालच्या टेबलाशी बसल्या. मी पडद्याआडच उभी होते.

"नलू, भायेर ये."

मी गेले. पदर डोक्यावरून ओढून रस्त्याकडे पाठ करून बसले. पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि कढी आली. शोभाबाईंनी फुगलेली पुरी फोडली, आतून वाफ आली, आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

"लग्नाले अकरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "गरम अन्न मले कोणी आज पहिल्यांदा वाढलं."

डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. नाकपुड्या फुलल्या होत्या. त्या आठ पुऱ्या जेवल्या. त्याच वेळी ओमप्रकाश दारातून आत आला. हा केशवरावांच्या ऑफिसातला, रोज त्यांच्यासोबत आलुबोंडे खाणारा. त्यानं हात जोडले, "नमस्ते भाभी," म्हणाला आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

ओमप्रकाश मालगाडीनं आधीच परतला होता, त्यामुळं आम्ही पुलगावला उतरलो त्याच्याआधी बातमी उतरली होती. अण्णाजी दारातच बसले होते, केशवराव मागं उभे. मी शोभाबाईंबरोबर होते, मला कोणी जा म्हटलं नाही.

"भोयराची सून हॉटेलात माणसाईच्या मंधात बसून जेवली म्हणते," अण्णाजी म्हणाले. "खरं काय?"

"खरं आहे, मामाजी."

"काऊन?"

"भूक लागलती."

"घरून डबा नेता येत नवता?" केशवराव म्हणाले.

"तुमचे दोस्त जेवून गेले. डब्यात घालाले काही उरलंच नवतं. आन् तुम्ही तं रोज हॉटेलात खाता."

"माह्यी गोष्ट येगळी हाय."

"येगळी कशी, तेवढं सांगा."

अण्णाजींनी काठी आपटली आणि यापुढं तिच्या हातचं अन्न घेणार नाही असं जाहीर केलं. सून रडेल, पाया पडेल, असं त्यांना वाटलं असावं.

"बरं," शोभाबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडं वळल्या. "तुम्ही?"

"मीबी नाई."

त्यांनी पाय धुतले, चूल पेटवली, फक्त कांतापुरत्या दोन भाकरी टाकल्या. लेक गरम गरम खात होती आणि त्या तिला वाढत होत्या. तिचं झाल्यावर त्यांनी जाळ विझवला आणि दारात येऊन म्हणाल्या, "सकाळी मी सगळ्यांचा सैपाक करीन, नीट करीन. उद्यापासून संध्याकाळी चूल पेटणार नाई. ज्याले गरम पाह्यजे त्यानं पेटवावी."

तिसऱ्या दिवशी अण्णाजी धाकट्या मुलाकडं, लहानूकडं, देवळीला निघून गेले.

त्याच आठवड्यात शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी दत्तोपंत यांनी आम्हा दोघींना बोलावलं. शिक्षिकांनी हॉटेलात बसणं शाळेच्या नावाला शोभत नाही, असं म्हणाले.

"आपले मास्तर बसतात," शोभाबाई म्हणाल्या.

"ते पुरुष आहेत."

"मग तसं लिहून द्या. मास्तरनं हॉटेलात जेवावं आणि बाईनं उपाशी राहावं, असं शाळेच्या कागदावर लिहून सही करा. मी वर्गात वाचून दाखवीन."

दत्तोपंतांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि मी, जिनं त्या टेबलाशी सहा पुऱ्या खाल्ल्या होत्या, म्हणाले, "मी नको म्हणत होते. यांनी बोलावलं म्हणून गेले."

बाहेर आल्यावर शोभाबाईंनी मला एकच विचारलं. "तुले भूक नवती काय?" मग त्या तीन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत.

लिहून कोणी काही दिलं नाही. जूनमध्ये त्यांच्याकडून सातवीचं गणित काढून घेतलं आणि पहिलीतली पन्नास पोरं दिली. मला काहीच झालं नाही.

घरी केशवराव पंधरा दिवस हॉटेलात जेवले. रोज जेवायचं म्हटल्यावर त्या बोंड्यांची चव गेली असावी. एका संध्याकाळी ते लवकर आले आणि चुलीपुढं बसले. खोलीभर धूर झाला. शोभाबाई वह्या तपासत होत्या.

"खिचडीत पाणी किती?"

"दुप्पट," त्या म्हणाल्या. मान वर केली नाही.

खिचडी खालून करपली, वरून कच्ची राहिली. शोभाबाई जेवल्या. "डाळ आधी भिजवत जा," एवढंच म्हणाल्या. केशवराव ताट आपटून उठले आणि दोन दिवस चुलीकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी डाळ भिजवली. दिवाळीपर्यंत हात बसला, पण दार लावून रांधायचे. कोणी आलं की पळी बायकोच्या हातात देऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचे. एकदा ओमप्रकाश आला तेव्हाही तसंच केलं. शोभाबाईंनी पळी खाली ठेवली आणि दारात आल्या.

"भाऊजी, खिचडी यांनी केली. बसा जेवाले."

ओमप्रकाश बसला. केशवरावांचे कान लाल झाले होते. वाढायला शेवटी त्यांनाच उठावं लागलं.

अण्णाजी त्याच सुमारास परत आले. लहानूची बायको दिवसभर वावरात असायची. सकाळच्या भाकरी टोपलीखाली झाकून जायची, आणि तिची जीभ तिखट. सहा महिने अण्णाजींनी त्या भाकरी मुकाट्यानं खाल्ल्या होत्या. इथंही आता सकाळी सुनेचं आणि संध्याकाळी मुलाचं मुकाट्यानं खाऊ लागले. चुकलं असं काही म्हणाले नाहीत.

हे शोभाबाईंनी मला सांगितलं तेव्हा आम्ही पुन्हा बोलायला लागलो होतो. त्याआधी ऑगस्टमध्ये मी दत्तोपंतांकडं जाऊन सांगितलं होतं की त्या दिवशी मी भूक लागली म्हणून गेले होते आणि खोटं बोलले होते. उपयोग काही झाला नाही. शोभाबाईंचं गणित पुढच्या वर्षी, दत्तोपंत कमिटीतून गेल्यावर, परत मिळालं. पण मी सांगून आले त्या दिवशी शोभाबाईंनी मधल्या सुटीत डबा माझ्यापुढं सरकवला.

"तिथं शिळी भाकर खाल्ली, बिनबोभाट," दिवाळीनंतर एका मधल्या सुटीत त्या सासऱ्यांबद्दल म्हणाल्या. "मंग गरमाची गोष्ट नवतीच ना नलू. मी चुलीपाशी बसून राह्यली पाह्यजे, तेवढीच गोष्ट होती." डब्याचं झाकण त्यांनी इतक्या जोरानं दाबलं की ते वाकलं.

त्यानंतर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी आणि कांता पुलगावातच हॉटेलात जेवायला जाऊ लागलो, समोर, पंख्याखाली. लोक बघायचे. दोन वर्षं आमच्याशिवाय त्या टेबलाशी दुसरी बाई बसली नाही. मग एक दिवस शिवण शिकवणाऱ्या पद्माबाई आल्या.

अठ्ठावन्न साली केशवरावांकडं नागपूरचे पाहुणे आले. तोवर लाज जाऊन त्यांना अभिमान वाटू लागला होता. "आमच्या घरी संध्याकाळचा सैपाक मी करतो," ते म्हणाले. पाहुणे शोभाबाईंकडं वळले. "वहिनी, फार भाग्यवान आहात."

शोभाबाई वह्या तपासत होत्या. "अकरा वर्षं दोन्ही वेळचा मी केला," त्या म्हणाल्या. "तवा यांना कोणी भाग्यवान म्हटलं नाई."

त्यांनी पुढची वही ओढली.