दसऱ्याला धुतलेल्या ट्रॉल्या

१९७३, दसऱ्याचा दुसरा दिवस. काम ठरलेलं होतं: उसाच्या ट्रॉल्यांच्या चाकांना तेल. गळीत हंगाम तोंडावर आला होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साखर कारखान्याचं इंजिन रिकाम्या ट्रॉल्या घेऊन अरुंद रुळांवरून शेतांपर्यंत चाचणीची फेरी मारणार होतं.

पावसाळाभर त्या ट्रॉल्या कारखान्यामागच्या यार्डात उभ्या असत. रुळांत गवत माजायचं, साखळ्या गंजायच्या. प्रत्येक चाकाच्या आसाच्या टोकाला झाकणाचा लोखंडी डबा असतो. त्यात तेलात भिजवलेला सुताचा बोळा ठेवतात, त्यातून आसाला तेल मिळत राहतं. ते मिळालं नाही तर आस तापतो, धूर निघतो आणि भरलेली गाडी वाटेतच बसते. बोळे भरायचं काम त्या वर्षी पहिल्यांदाच बायकांना मिळालं होतं आणि मी त्यांची मुकादम होते. माझे यजमान याच यार्डात फिटर होते, त्यामुळे डब्यात काय असतं ते मला माहीत होतं.

फोरमनला हे पसंत नव्हतं. "चाचणीत एक जरी डबा तापला तरी बाया यार्डाबाहेर. मग जा खडी फोडायला," असं त्याने आधीच बजावलं होतं. टोळीतल्या बहुतेक जणी पाथर्डीकडच्या. आदल्या वर्षी दुष्काळी कामावर त्यांनी खडीच फोडली होती. त्यांना पुन्हा तिकडे पाठवायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

पहिला डबा उघडला तर आत पाणी. दुसऱ्यात पाणी आणि वर झेंडूच्या पाकळ्या. तिसऱ्यात कुंकवाचा गाळ. दसऱ्याला मी पुणतांब्याला माहेरी गेले होते, म्हणून टोळीतल्या सर्वांत थोरल्या मावशींना विचारलं.

"धुतल्या की आमी," त्या म्हणाल्या. "गाडी पुजायची तर धुवायला नको व्हय? गेल्या साली प्यायला पानी न्हवतं. औंदा हाय, म्हनून बादल्यावर बादल्या वतल्या. झाकनं उघडून आतूनबी सोच्छ केल्या."

"मावशी, आत तेल असतं."

"लई काळं हुतं. देवाम्होरं तसंच ठिवायचं?"

एक जण म्हणाली, "वरून तेल सोडू, कुनाला कळतंय." मी नको म्हटलं. पाणी तळाशी बसतं आणि बोळा तेच ओढतो. सगळे डबे रिकामे करून, पुसून नव्याने भरायला हवे होते. त्यासाठी तेल आणि सूत लागणार होतं, आणि ते फोरमनच्या परवानगीशिवाय मिळत नव्हतं. मी सरळ फिटरांच्या शेडमध्ये जाऊन त्याला काय झालं ते सांगितलं.

"मी म्हणतच होतो," तो म्हणाला. "बायकांनी चूल सांभाळावी."

मावशी माझ्या मागोमाग आल्या होत्या. "आन् नारळ कुनी फोडला वो सायेब? पैल्या ट्रॉलीच्या चाकावरच आपटला की तुमी. त्यातलं पानी काय तेल हुतं?"

शेडमधले फिटर हसले. आमचे यजमान तेवढे मान खाली घालून पाना घासत राहिले. फोरमनने तेल द्यायला सांगितलं, पण नवं सूत शिल्लक नव्हतं. चाचणी पुढे ढकला म्हटलं असतं तर त्याचंच खरं झालं असतं, म्हणून ते मी विचारलं नाही.

मग जुनेच बोळे बाहेर काढले. दोघी-दोघींनी धरून गोधडीसारखे पिळले, पिंजून मोकळे केले आणि शेडमागच्या पत्र्यांवर पसरले. ऑक्टोबरचं ऊन कडक होतं. सूत वाळेपर्यंत बाकीच्यांनी डबे चिंध्यांनी कोरडे केले. भाकरी आळीपाळीने खाल्ली. मावशी कुरकुरत होत्या, "देवाला धुतलं तर देवच तापतो म्हना की." पण त्यांचाच हात सगळ्यांत भरभर चालला. दुपारनंतर सूत तेलात मुरवलं आणि दिवस मावळायच्या आत शेवटचं झाकण बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाची किटली घेऊन मी चाचणीच्या गाडीवर चढले. फोरमन इंजिनावर होता. त्याने पाहिलं, पण उतर म्हणाला नाही. पहिल्या थांब्यावर गाडीच्या कडेने चालत मी प्रत्येक डब्याला उलटा हात लावला. सगळे गार. शेवटून दुसऱ्या ट्रॉलीचा एक डबा मात्र चटका बसेल इतका तापला होता. फोरमन यायच्या आधी मीच त्याला हाक मारून तो दाखवला.

"काय ठरलं होतं?" तो म्हणाला.

"ठरलं होतं ते लक्षात आहे. आधी हा भरू द्या."

आत पाणी नव्हतं, बोळा एका अंगाला सरकला होता. मी तो नीट दाबून बसवला, तेल सोडलं. गाडी निघाली. लाईनीच्या टोकाला फोरमनने स्वतः हात लावून पाहिला. डबा निवला होता.

"हंगामात रोज कोण चालणार असं गाडीबरोबर?" त्याने विचारलं.

"आम्ही. फेरीला एक बाई. तुमच्या माणसांनी आजवर थांब्यावर उतरून हात लावलाय का?"

त्याने हाताला लागलेलं तेल फडक्याला पुसलं. मग म्हणाला, "हंगाम सुरू झाला की फेरीला एक. बाकीच्या यार्डात. आणि झाकणं पुसायची ती वरून."

परतीसाठी इंजिन पुढून मागे आणायला वेळ लागणार होता. तेवढ्यात मी किटली उचलली आणि पहिल्या चाकापासून पुन्हा हात लावत निघाले.