गणिताच्या जागी फुगड्या

एक परदेशी संस्था आमच्या केंद्राला शिक्षण, संस्कृती आणि पर्यावरणासाठी मदत करायची. केंद्र म्हणजे ग्वाल्हेरच्या टोकाच्या वस्तीतल्या दोन खोल्या. तिथे दहावीच्या मुलींना गणित शिकवायला एक सर यायचे. मी होते ती पाहुण्यांशी इंग्रजी बोलायला. एरवी मी फारशी बोलत नाही.

संस्थेची माणसं पाहणीला येणार होती. पुढची मदत कशासाठी द्यायची, ते त्यावर ठरणार होतं. आयांना निरोप गेला, मुलींना चांगल्या कपड्यांत पाठवा. सगळ्या शाळेच्या गणवेशात आल्या, इस्त्री करून, रिबिनी बांधून. त्यांच्याकडे तेच सगळ्यात चांगलं होतं.

“अरे, ये तो स्कूल हो गया! कल्चर कहाँ है?” केंद्राच्या मॅडम वैतागल्या. मग माझ्याकडे वळल्या, “तुम मराठी लोग हो ना, कुछ तो होता होगा तुम्हारे यहाँ।”

मी आत्याला फोन केला. ती बाड्याजवळ, जुन्या मराठी वस्तीत राहते. हळदीकुंकवाच्या साड्या पिशवीत कोंबून ती ऑटोने आली आणि गणवेशांवरूनच साड्या गुंडाळून मुलींना मंगळागौरीच्या फुगड्या शिकवू लागली.

“आंटी, चक्कर आ रहा है!”

“आंटी नाही, आत्या म्हण. आणि हात सोडू नकोस, पडशील.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, अंगणात कडुनिंबाचं रोप लावलं. ही या मुलींची परंपरा आहे का, असं एकाने मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मॅडम “येस, येस” म्हणाल्या.

काही आठवड्यांनी निर्णय आला. संस्कृतीची मदत वाढली, शिक्षणाची थांबली. सरांचं येणं बंद झालं. गणिताच्या वेळात फुगड्यांचा वर्ग लागला आणि तो मी घ्यायचा असं ठरलं. मॅडमनी अभिनंदन केलं. मी थँक्यू म्हटलं. तेव्हा मला काहीच वाटलं नाही, आणि घरी गेल्यावरही नाही.

पहिल्याच दिवशी एक मुलगी पुस्तक घेऊन आली. ती सरांच्या वर्गात नेहमी पुढे बसायची.

“दीदी, सार्व अंतर कैसे निकालते हैं?”

हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. गणित पाहिलं तेव्हा कळलं, हे तर ‘कॉमन डिफरन्स’, हे मला येतं. पण माझ्याकडे सगळे शब्द इंग्रजी शाळेतले. मी समजावत गेले, ती मान हलवत राहिली. मग तिने हळूच पुस्तक मिटलं.

“रहने दो दीदी। बोर्ड में हिंदी में लिखना है।”

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी तिच्या फुगडीतल्या जोडीदारणीला विचारलं.

“नहीं आएगी। बोल रही थी, गोल-गोल घूमने से कोई पास थोड़ी होता है।”

मुली हसल्या. जोडीदारीण हात पुढे करून एकटीच उभी होती. मी ओढणी कमरेला खोचली आणि तिचे हात धरले.