विचारणारी बाई

चाकूरच्या ऑनलाइन सेंटरवर ते सेंटर चालवणारी बाई मला एकदाच भेटली. नातीच्या नर्सिंग प्रवेशाची मुदत पाचला संपत होती. मी कुणाला रस्ता विचारत नसतो, त्यामुळं सेंटर सापडस्तोर साडेचार झाले. अन् आता साइट उघडंना. नात रडकुंडीला आली.

"तुमचं नेटच बंद हाय," मी चढ्या आवाजात म्हणलं. "चल गं, लातूरला."

"बसा मामा. लातूर येस्तोर मुदत जाईल." बाईनं बांगड्या कोपराकडं सारल्या अन् कॉम्प्युटरवर काळी चौकट उघडून त्यात काहीतरी टाइप केलं. "नेट चालू हाय. साइटचा पत्ता ज्या सर्व्हरला विचारतोय, तोच बोलंना. दुसऱ्याला विचारते. त्यात काय कमीपणा?"

"आजोबाला सांगा हे," नात डोळे पुसत म्हणली.

बाईनं सेटिंगमधी दुसऱ्या सर्व्हरचे आकडे घातले, पुन्हा विचारलं. पत्ता आला, साइट उघडली. अर्ज गेला तवा पाचाला दोनच मिनिटं कमी होती.

बाहेर आलो तर तिन्ही गल्ल्या सारख्याच दिसल्या. नात नुसती माझ्याकडं बघत होती. मी परत दारात गेलो.

"बाई, एसटी स्टँड कुठल्या अंगाला हाय?"